गावचे जाडे तांदूळ

हॅलो?… हो, गोंदियाची राइस मिलच आहे… मी दुधराम, वजनकाट्यावरचा… आमगावहून? माह्यासाठी? जोडा ना, जोडा.

हॅलो… कोण?… चमेलीची माय? तू?… अवो, आयकू येऊन राहिलं, एवढी ओरडू नोको, पोस्टातले सारे आयकतीन… काय झालं? पोरगी बरी आहे ना?… मग?

मांडव नाही पडला? उद्या हळद, अन् अजून मांडव नाही?… उदाराम जांभळीचे डहाळे आणणार होता ना… नाही आला?… अन् बायका? पत्रावळी लावाले तरी… एकही नाही?

…मले काय माहीत काऊन. मी तर इथं आहो, मिलमधी…

कोणी सांगितलं तुले?… मी? मी कायले असं म्हणू?… नाही वो, तसं नाही… आयक ना… पारावर बसलो होतो, लग्नाची गोष्ट निघाली… हो. म्हणलो. लग्नघरी सारं गाव तांदूळ आणते ना, तर आमच्या घरी नोका आणू म्हणलो. एवढंच…

…हो. 'जाडेभरडे' म्हणलो.

हाँ सेठजी, घर से है। बस, दो मिनट।

…नाही, तुले नाही, सेठले बोललो. इथंच बसला आहे. हळू बोलतो म्हणून.

काय म्हणते उदाराम?… ज्याचे तांदूळ नोको, त्याचे हात तरी कायले पाह्यजेत… बरोबर आहे त्याचं. मी काय बोलू त्याच्यावर?

अवो, मले वाटलं… नवरदेव रेल्वेत बाबू. त्याचा बाप, आपला इवाई, शहरातला माणूस. त्याच्या पानात साऱ्या गावाचा मिसळलेला भात पडन, एक शीत जाड, एक बारीक, एक अर्धं कच्चं… तो हासन म्हणून. बारीक, वासाचा चिन्नोर वाढू म्हणलो पंगतीले. मिलमधी काम करतो अन् पोरीच्या लग्नात…

हो, आठवते. चुलीजवळ बसून आपण दोघांनी खर्च मोजाले चिंचोक्यांचे ढीग लावले… कपड्याचा, भांड्याचा, तेलागुळाचा. तांदळाचा लावलाच नाही. गाव आणते, त्याचा ढीग कायले, असं तूच म्हणली… हो, मी मान हालवलो. तवाच माह्या मनात चिन्नोर होता… नाही सांगितलो. तू नाही म्हणली असती म्हणून नाही सांगितलो.

…सेठ? नाही. नाही देऊन राहिला. परवाच इचारलो. उधारीत चिन्नोरचं पोतं नाही म्हणे… म्हणून तर दोन दिवस घरी नाही आलो. काम-बिम काही नव्हतं. खोटंच सांगून पाठवलो. तोंड कसं दाखवू तुले?

लवकर बोल. पैसे लागून राहिले फोनचे…

आपल्या लग्नात?… हो, गावातल्या त्याहीच्याच घरचे तांदूळ होते. जेवलो ना. पोट भरून जेवलो. तवा नाही दिसलं मले जाड अन् बारीक… बोल, आणखी बोल. मले लागलंच पाह्यजे.

तू आमगावले आली कशी पण? एवढ्या उन्हात पायी?… बंडीनं? कोणाच्या?

…बकारामभाऊच्या?

त्याले तर मी तोंडावर म्हणलो होतो वो… तुह्या जाड्या लुचईचा भात इवायाच्या घशात अडकन. साऱ्यायसमोर म्हणलो. सारे हासले… अन् त्यानं बैल जुपले? तू रडून राहिली म्हणून?

अरे देवा.

…कुछ नहीं, सेठजी। धूल गई आँख में।

त्याले दे फोन. दे ना, मी माफी मागतो… बाहेर आहे? बोलाव… काय म्हणते?… फोनच्या तारेवर नाही? 'पारावर बोललं, तर दारात येऊन सांग'… हो. खरंच आहे त्याचं.

येतो. दुपारच्या गाडीनं येतो… हो, घरोघरी जाईन. मोठी टोपली काढून ठेव… रिकामी घेऊन जाईन, साऱ्यायच्या दारात. म्हणीन, चूक झाली, पोरीसाठी मूठभर टाका… नाही टाकले तर? उभा राहीन. हाकलतपर्यंत उभा राहीन… पहिले बकारामभाऊच्याच दारात, हो.

चमेलीले सांगू नोको पण… समजलं तिले? तिच्या मैत्रिणी नाही आल्या म्हणून… काय म्हणली पोरगी?… रडली नाही? एकटीच पत्रावळी लावून राहिली?…

माह्याबद्दल काय म्हणली, ते नोको सांगू. नाही, सांग… नोको.

हो, फोनचे मिनटं संपले वाटते. कोणीतरी मधी बोलून राहिलं… ठेवू?… काय? टोपली?… तू कायले धरशील? तू नोको येऊ. डोक्यावर पदर घेऊन तू दारोदार… अवो, बोललो मी, चूक माही. तुही काय चूक?… आयक ना… एक कडी तू अन् एक मी? लग्न दोघायनं मांडलं तर… नाही, नाही, चमेलीची माय, तू नोको… हॅलो?

हॅलो?… तू घरीच राहा… हॅलो?