फाट्यावर बंद पडलेलं जीपीएस

सायकलला जीपीएस लावण्यामागचं माझं खरं कारण ऐका: मला अनोळखी माणसाला रस्ता विचारायची लाज वाटते. माझी मैत्रीण नसरीन पुसद सोडून फुलसावंगीला राहायला गेली, तेव्हा मी दादाच्या जीपीएसवर आमच्या घरापासून तिच्या दारापर्यंतचा रस्ता आखून घेतला आणि तिला तसं कळवून निघाले.

नेमकं शेवटच्या फाट्यावर ते बंद पडलं. समोर दोन रस्ते आणि चहाच्या टपरीवर सगळे अनोळखी. मी सायकल मागे वळवली, तेवढ्यात आवाज आला, “कुठं चालली वं परत?”

टपरीमागच्या कडुलिंबाखाली नसरीन!

“तू इथं काहून बसली?”

“तुझं मशीन बंद पडलं, तर तू कोणाले विचारशील थोडी! म्हणून सकाळपासून इथंच बसून राह्यली.”