तिथे मरायला बंदी

आजोबा : कणकेवर एवढं मीठ नको गं. सगळं बेट पांढरं केलंस तर माणसं राहणार कुठे?

अन्वी : तुम्हीच म्हणालात, अर्ध्याहून जास्त बर्फ आहे.

आजोबा : अर्ध्याहून जास्त म्हणजे सगळं नव्हे. हा किनारा मोकळा ठेव. उन्हाळ्यात इथला बर्फ वितळतो, मग दगड दिसतात, थोडं शेवाळ दिसतं. झाड मात्र एकही नाही.

अन्वी : काइन आइन्त्सिगर?

आजोबा : मराठीत.

अन्वी : एकपण नाही? आणि तुम्हाला जर्मन येतं. बेकरीत तुम्ही 'ड्राय ब्रोटशेन' म्हणता.

आजोबा : तेवढंच येतं. म्हणून तर रोज तीनच पाव येतात घरी. आता सांग, उद्या वर्गात रेफेराट, तुझं ते माहितीचं भाषण, द्यायला उभी राहिलीस की पहिलं वाक्य काय?

अन्वी : आल्झो, तर, स्वालबार्ड हा नॉर्वेच्या वर आणि नॉर्थ पोलच्या खाली बेटांचा ग्रुप आहे. सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव स्पिट्सबेर्गन. हे मी आजोबांबरोबर कणकेचं केलंय. माझी आई तिथे जमीन मोजते.

आजोबा : जमीन नाही, जमिनीची थंडी मोजते. तिथली माती खाली खोलवर गोठलेली असते, वर्षानुवर्षं. ती किती मऊ होतेय हे आई बघते. ते इथे जर्मनीत, ड्रेस्डेनला बसून कळत नाही, म्हणून जावं लागतं.

अन्वी : बाबा आज कामावर का नाही गेला?

आजोबा : फोनची वाट बघतोय. तिथे माणसं कोण राहतात, ते सांग.

अन्वी : त्याने किचनचं दार का लावलंय?

आजोबा : फोनवर मोठ्यानं बोलतो ना तो. सांग, माणसं कोण?

अन्वी : आधी कोणीच नव्हतं. मग व्हेल मारणारे आले. मग कातड्यांसाठी शिकार करणारे. मग कोळसा सापडला आणि खाणी झाल्या. एका गावात नॉर्वेचे लोक, दुसऱ्या गावात रशियाचे आणि युक्रेनचे. थायलंडचे पण आहेत. आता युनिव्हर्सिटी आहे, टुरिस्ट येतात, आणि गेल्या महिन्यात डोंगराच्या पोटात बियांचं कोठार उघडलं.

आजोबा : शाब्बास. आणि आपण?

अन्वी : आपण पण राहू शकतो. स्वालबार्डचा एक करार आहे, त्यावर भारताची सही आहे, इंग्रजांच्या वेळची. आई म्हणते, जगात ही एकच जागा आहे जिथे राहायला आउसलेंडरबेहोर्डेच्या, त्या परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत उभं राहावं लागत नाही.

आजोबा : हे वर्गात जरूर सांग. तुमच्या बाईंना कळू दे रांगेचं.

अन्वी : आणि हॉटेलात, म्युझियममध्ये बूट दाराशी काढतात. आपल्यासारखं. पूर्वी खाणीतल्या लोकांच्या बुटांना कोळसा असायचा, म्हणून.

कुमार : अण्णा, जरा आत येता? अन्वी, तू टीव्ही बघ तोपर्यंत.

अन्वी : बाबा, आज मंगळवार आहे. मंगळवारी टीव्ही नाही.

कुमार : आज चालेल.

अन्वी : आज का चालेल?

कुमार : मी म्हणतोय म्हणून. या अण्णा. दार ओढून घ्या.

आजोबा : बोल.

कुमार : तिथल्या युनिव्हर्सिटीतून फोन होता. संध्या आणि बरोबरचे दोघं काल संध्याकाळी गावात परत यायला हवे होते. तिघं, तीन स्नोस्कूटर. वादळ संध्याकाळी येणार म्हणत होते, ते दुपारीच आलं. रेडिओवर शेवटचं बोलणं झालं तेव्हा 'निघतोय' म्हणाले. त्यानंतर काही नाही.

आजोबा : त्यांच्याजवळ तो सॅटेलाइट फोन असतो ना?

कुमार : एकाजवळ आहे. तो उचलत नाही. मी फोनवरच्या बाईंना विचारलं, बाहेर थंडी किती आहे. त्यांनी माझा नंबर पुन्हा लिहून घेतला.

आजोबा : शोधायला गेलेत का कोणी?

कुमार : हेलिकॉप्टर तयार आहे, पण वारा उडू देत नाही. अण्णा, तिच्या पाठीला बंदूक असते, अस्वलासाठी. गावाबाहेर पडताना घ्यावीच लागते. या बाईनं घरात कधी झुरळ मारलेलं नाही. ते पण मीच मारतो.

आजोबा : बस आधी. पाणी पी. अन्वीला काय सांगायचं?

कुमार : काहीच नाही. तिला काही कळलेलं नाही.

अन्वी : मला कळलंय.

कुमार : तू दारामागे उभी होतीस?

अन्वी : बाबा, तू घाबरू नकोस. आईला काही होणार नाही. तिथे मरायला बंदी आहे.

कुमार : काय?

अन्वी : नियमच आहे. आजोबांनी काल सांगितलं. खूप म्हातारं कोणी झालं की त्याला आधीच विमानानं पाठवून देतात. बाळांना पण तिथे जन्मायला परवानगी नाही. त्यांच्या आया आधीच नॉर्वेला जातात, बाळंतपणाला माहेरी गेल्यासारख्या. माझ्या रेफेराटचं शेवटचं वाक्य तेच आहे.

कुमार : हो. बरोबर आहे, राणी. बंदी आहे. जा, मीठ लाव तुझ्या बेटाला.

आजोबा : अन्वी, थांब.

कुमार : अण्णा, नको. प्लीज.

आजोबा : इकडे ये. बस माझ्याजवळ. काल मी ते गंमत म्हणून सांगितलं. ऐकायला मजेशीर वाटतं, मुलांच्या लक्षात राहतं, म्हणून. पण ते खरं नाही. तिथली जमीन गोठलेली असते हे तुला माहीत आहे. अशा जमिनीत माणूस पुरला तर तो मातीत मिसळत नाही, आणि जमीन त्याला हळूहळू वर ढकलते. म्हणून तिथे पुरत नाहीत. मोठा दवाखाना नाही, म्हणून आजारी माणसं आणि बाळंतपणाच्या बायका आधीच जातात. बंदी पुरायला आहे. मरायला बंदी कुणालाच घालता येत नाही.

अन्वी : म्हणजे तिथे मरता येतं?

आजोबा : येतं.

अन्वी : आईला पण?

आजोबा : कोणालाही, बाळा.

कुमार : झालं तुमचं समाधान? सारा जन्म शाळेत पोरांच्या चुका दुरुस्त केल्यात, आजची एक राहिली असती तर काय बिघडलं असतं?

आजोबा : आणि नको ती बातमी आली असती, तर? आईनं नियम मोडला, असं वाटलं असतं तिला. ते मग कोण दुरुस्त करणार होतं?

अन्वी : आई आत्ता कुठे आहे?

कुमार : माहीत नाही.

अन्वी : अंधारात?

आजोबा : नाही. हिवाळाभर तिथे सूर्य उगवत नाही, पण आता मार्च आहे. आत्ता तिथे उजेड असणार.

अन्वी : अस्वल आलं तर?

आजोबा : आधी नुसत्या आवाजाची गोळी उडवतात. बहुतेक वेळा ते पळून जातं.

अन्वी : बहुतेक वेळा.

आजोबा : हो. बहुतेक वेळा.

(फोन वाजतो.)

कुमार : माझ्याच्यानं उचलवत नाहीये, अण्णा. तुम्ही घ्या.

आजोबा : मला त्यांचं इंग्रजी झेपायचं नाही. तिचा हात धर आणि घे.

कुमार : हॅलो. येस, स्पीकिंग... येस... हाउ मेनी?... नो, नो, आय अंडरस्टँड... प्लीज कॉल एनी टाइम.

अन्वी : बाबा, हात दुखतोय.

कुमार : सॉरी.

आजोबा : काय म्हणाले?

कुमार : वारा जरा कमी झाला तेव्हा हेलिकॉप्टर वरून एक फेरी मारून आलं. उतरता आलं नाही. त्यांच्या वाटेवर शिकाऱ्यांची एक जुनी झोपडी आहे. तिच्या धुराड्यातून धूर येतोय.

आजोबा : माणसं दिसली?

कुमार : नाही. बाहेर स्कूटर दिसल्या. दोन.

अन्वी : निघाल्या तीन होत्या.

कुमार : हो.

अन्वी : आजोबा, एका स्कूटरवर दोघं बसू शकतात?

आजोबा : बसू शकतात. बसलेच असतील, असं मी सांगू शकत नाही.

कुमार : वारा पडला की पुन्हा जाणार आहेत. कधी पडेल ते त्यांनाही माहीत नाही.

अन्वी : आणि धूर?

आजोबा : आत कोणीतरी शेगडी पेटवल्याशिवाय धूर येत नाही.

अन्वी : हे कालच्यासारखं सांगताय, की खरं?

आजोबा : खरं.

अन्वी : मग आपण थांबू.