अमेरिकेचा प्रेफरन्स

— नाही वकीलसाहेब, या ॲफिडेव्हिटवर सही मलेच करायची आहे, कौसल्या म्हणजे मीच. आमचे हे झेरॉक्सच्या लाइनीत उभे आहेत, ते पहा, पांढरी टोपीवाले — अन् तिथंही कोणाले तरी सांगून राहिले असतील की माझ्या बायकोनं अमेरिकेच्या कंपनीकडून पैसे काढले. सांगू द्या. दोन वर्षं झाले, रोज एका नव्या माणसाले सांगतात. तुमी तवर कागद वाचून घ्या. नाही वाचत? नुसता शिक्का मारता? बाप्पा, मंग तं मस्त काम आहे तुमचं. पण मी सांगतेच तुमाले आत काय आहे ते, लाइन मोठी आहे, अन् कोर्टाच्या आवारात आपल्यासारख्या माणसानं चूप बसलं की उगाच भेव वाटते.

धंदा काय, तं फुलवाती. देवापुढं लावता नं, त्या. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या चाळीस बाया घरी बसून वळतात, वाडीच्या गोडाऊनमध्ये माल जमा होते, अन् तिथून जाते अमेरिकेले. हौ, अमेरिकेले — हासू नका. तिकडे गोरे लोक योगा करताना लावतात. एका डबीत एकवीस वाती, अन् डबीवर इंग्रजीत लिहिलेलं की यानं मन शांत होते. इथं माझ्या चाळीस बायायपैकी एकीचंही मन शांत नाही, रोज कोणाचं तरी भांडण मलेच सोडवा लागते, पण ते डबीवर कायले लिहायचं? घेणारा होता मोहित, आपल्या प्रतापनगरचाच पोट्टा, तिकडे त्याची चौदा दुकानं होती. होती म्हणते, कारण आता एकही नाही, माल आता दुसऱ्यायकडे जाते. कंपनी बुडाली अन् कोर्टात गेली. चॅप्टर इलेव्हन म्हणतात त्याले. आता आपल्याकडे चॅप्टर कोणाले म्हणतात ते तुमाले मी कायले सांगू, तुमचा तं रोज त्यायच्याशीच संबंध — मले वाटलं अकरा चॅप्टर लोक मिळून कंपनी हाणून बसले असतील. तसं नाही म्हणे, कायद्याच्या पुस्तकाचा अकरावा भाग आहे तो.

तं मागच्या महिन्यात पत्र आलं. जाड कागद, वरती कोर्टाचं नाव, अन् मधात शब्द — प्रेफरन्स. हा शब्द मले चांगला येते, साहेब. पोरीच्या कॉलेजच्या फॉर्मवर पहिला प्रेफरन्स, दुसरा प्रेफरन्स मीच तं भरले होते. प्रेफरन्स म्हणजे पहिला नंबर, हो की नाही? अन् खाली सही कोणाची, तं ट्रस्टीची. आता ट्रस्टी म्हणजे देवळाचा माणूस, तो वाईट कायले लिहीन? म्हटलं, कंपनी बुडाली पण पैसे देताना आपला पहिला नंबर लावला त्या भल्या माणसानं. दोन किलो संत्रा बर्फी आणली मी. साऱ्या गल्लीत वाटली. मंग पत्राचा फोटो काढून पाठवला नूपुरले — माझ्या बहिणीची पोरगी, न्यू जर्सीत वकिलाच्या ऑफिसात काम करते. तिचा अर्ध्या तासात फोन आला. म्हणे, मावशी, बर्फी वापस येऊ शकते का?

कायदा असा आहे म्हणे की कंपनी कोर्टात जायच्या आधीच्या नव्वद दिवसांत तिनं ज्याले ज्याले पैसे दिले, त्यायनं ते आणून टाकायचे. मंग ट्रस्टी, म्हणजे कोर्टानं नेमलेला माणूस, ते ज्यायचे पैसे अडकले त्या साऱ्यायमध्ये थोडे थोडे वाटन. तुले काहून मिळाले अन् बाकीच्यायले काहून नाही — तुले प्रेफरन्स दिला, म्हून आण वापस. आमाले कोर्टात जायच्या चाळीस दिवस आधी मिळाले होते. नऊ हजार डॉलर. आपले साडेसात लाख, अन् ते माझ्या बायायच्या मजुरीत त्याच आठवड्यात गेले, कोणाच्या पोराची फी, कोणाच्या घरावरचं टिन. ते आता मी कोणाच्या घरावरून काढून आणू? वापस द्याचे तं धंदा बंद करा लागन, दुसरा रस्ता नाही. चाळीस घरं आहेत साहेब, फक्त माझंच असतं तं मी इथं आलीच नसती.

पण नूपुर हुशार आहे. म्हणे, मावशी, यातून सुटता येते. पैसे जर नेहमीसारखे आले असतील, नेहमीच्या टायमात, तू मागं न लागता, तं तो नेहमीचा व्यवहार झाला, ते हात नाही लावू शकत. तेच लिहिलं आहे पहा या कागदावर. मी कंपनीवर कोणताही दबाव आणला नाही. पैसे नेहमीच्या पद्धतीनं आले. याच्यावर मी सही केली, तुमी शिक्का मारला, की सुटलो आम्ही.

काहून पाहून राहिले असे माझ्याकडे?

हां. ह्यायचं ते झेरॉक्सच्या लाइनीतलं भाषण. येता येता तुमालेही सांगितलं असन त्यायनं. बायको तीन दिवस धरणं धरून बसली म्हून. आता ह्यायले मी कसं समजावू की जे गावभर सांगता ते कागदावर नाही चालत — मी म्हटलंही त्यायले, तं म्हणतात, अमेरिकेच्या ट्रस्टीले नागपूरचं काय माहीत. माहीत नाही हे खरं. पण झालं ते झालंच नं. मोहितनं पैसे थकवले, पाच महिने फोन उचलेना. मंग मी त्याच्या मायच्या घरी गेली, प्रतापनगरले, शामलाबाई नाव तिचं. व्हरांड्यात सतरंजी टाकली, डबा आणला होता, कापूस आणला होता, अन् तिथंच वाती वळत बसली. भांडण नाही, आवाज नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं तं सांगायचं, यायच्या पोराची वाट पाहून राहिली. पहिल्या दिवशी बाईनं दरवाजा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणे, मलेही शिकव, अन् माझ्या बाजूले बसून वळाले लागली — संध्याकाळी पैसे जमा झाले. आता याले दबाव म्हणायचं की नाही, तुमीच सांगा. तुमी काय सांगणार, तुमी तं शिक्का धरून बसले.

तिथंच सगळं बिघडलं साहेब, तिसऱ्या दिवशी. पैसे आले तं मी सतरंजी गुंडाळली अन् उठाले लागली, तं त्या बाईनं माझा हात धरला. अन् सांगाले लागली. पोरानं तिकडचं घर विकलं, सून माहेरी गेली, अन् दुकानात दिवाळीले विकाले माल नाही — कोणी पाठवूनच नाही राहिलं. मले तिची माया आली, आता काय करता? तीन दिवस शेजारी बसलं की माणूस आपला होऊन जाते. मी म्हटलं, दिवाळीचा माल मी पाठवते, पैसे मंग द्या. अन् पाठवला. सात हजार डॉलरचा, विमानानं. एक पैसा नाही आला त्याचा. मी मागितलाही नाही. कसा मागणार, कंपनी तं दिवाळीनंतर आठ दिवसांतच कोर्टात गेली.

ही पावती आहे त्या मालाची. घरी ठेवत नाही मी, पर्समध्येच ठेवते. नूपुरनं विचारलं होतं मले, मावशी, ते पैसे मिळाल्यावर तू अजून माल पाठवला होता का, ज्याचे पैसे नाही मिळाले? तसं असन तं तेवढी रक्कम कायदाच कापून टाकते. नऊतून सात. मले हिशेब समजला साहेब, मी काही अडाणी नाही. दोन हजार देणं होईन, तेवढं मी बांगड्या मोडूनही देईन. पण व्हिडिओ कॉल होता अन् आमचे हे बाजूले बसले होते, कान देऊन. मी म्हटलं, नाही बाई, काही नाही पाठवलं. दबाव विचारला, त्यालेही नाही. सगळ्याले नाही म्हटलं, अन् तिनं हा कागद बनवला.

काहून लपवलं? आता तुमीही विचारून राहिले, म्हणजे शिक्का नाही मारत तुमी आज. अवो, ज्या माणसानं गावभर सांगितलं की माझी बायको कोणाले सोडत नाही, त्याले कसं सांगू की त्याच संध्याकाळी ती सहा लाखाचा माल फोकट देऊन आली? म्हून ह्यायनं माल कुठं गेला विचारलं, तं मी म्हटलं, गोडाऊन गळलं. पाणी शिरलं, माल सडला, फेकून दिला. झालं. एवढंच म्हटलं मी. मले काय माहीत हे जाऊन धोंडबाभौशी भांडतील — गोडाऊन त्यायचं आहे, अन् दोघायची तीस वर्षांची दोस्ती, रोज संध्याकाळी सोबत फिराले जात होते. धोंडबाभौनं चूप छप्पर बदलून दिलं, पदरचे पैसे घालून. अन् हे तेव्हापासून त्यायचं नाव घेत नाही. मागच्या उन्हाळ्यात धोंडबाभौची बायको गेली, तं हे घाटावर दूर उभे राहिले अन् तसेच वापस आले. संध्याकाळी आता अंगणात एकटेच चकरा मारतात. मी खिडकीतून पाहते. दोन वर्षं झाले पाहून राहिली.

आले पहा. झेरॉक्स घेऊन आले, अन् त्या लाइनीतल्या माणसालेही सोबत घेऊन आले, हात दाखवून राहिले माझ्याकडे.

तो शिक्का ठेवून द्या साहेब. कागद द्या इकडे — फाडत नाही, मागं कोरा आहे, किराण्याची यादी लिहाले कामी येईन. नूपुर दुसरा बनवून देईन, खरा. आता एक काम करा, तुमी उठा. हौ, खुर्ची तुमचीच आहे, टेबलही तुमचंच, मले माहीत आहे. दहा मिनिटं कॅन्टीनले जाऊन या, अन् त्या लाइनीतल्या भाऊलेही घेऊन जा सोबत, चहाचे पैसे माझ्याकडे लावा. जा नं गा. बायको नवऱ्याशी बोलून राहिली तं मधात वकील कायले पायजे?

अवो, या. टोपी काढा अन् बसा इथं, साहेबाच्या खुर्चीवर. नाही, सही नाही झाली. पहिले ऐकून घ्या, मंग काय म्हणायचं ते म्हणा. ते धोंडबाभौचं गोडाऊन — ते कधी गळलंच नव्हतं.