विकणाऱ्याचा आकडा, घेणाऱ्याचा आकडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, लाकूड व्यापारी संघाचे सभासद, माझे सहकारी आणि बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की मागे दुसरं कुणी बसलंय का, म्हणून मी वळून पाहिलं.

आमचं काम ऐकून लोक विचारतात, यात काय एवढं? कोणत्या देशाने किती कठीण लाकूड विकलं, कुणी किती घेतलं, वर्षानुवर्षं त्यात काय फरक पडला, याचा तक्ता करायचा. पण विकणारा देश एक आकडा सांगतो आणि घेणारा दुसरा. जहाज डिसेंबरात निघतं, जानेवारीत पोचतं. कुणी ओंडके फळ्यांत धरतो, कुणी धरत नाही. खरं कुणाचं मानायचं?

म्हणून आमच्या खोलीत एक रीत पडली. टेबलाच्या अलीकडे बसून मी विकणाऱ्यांचे आकडे वाचायचो, पलीकडे माझी पत्नी घेणाऱ्यांचे. जुळेपर्यंत भांडायचं. शिपाईदादा आम्हाला ‘विकणारे साहेब’ आणि ‘घेणाऱ्या बाई’ म्हणायचे.

“अहो, तुमच्या देशाने एवढ्या फळ्या पाठवल्या, माझ्याकडे निम्म्याच आल्या. बाकीच्या समुद्रात पेरल्या का?”

“तुझ्या लोकांना मोजायचा कंटाळा.”

“त्यांना असेल. मला नाही. पुन्हा वाचा.”

असं भांडता भांडता ओंडके विकणारे देश फळ्या विकू लागलेले आम्ही पाहिले, आणि फळ्या विकणारे विकत घेऊ लागलेले.

गेल्या वर्षी ती गेली. आपणा सर्वांना ठाऊक आहे, त्यावर जास्त बोलत नाही. एवढंच, की मी एकटा दोन्ही बाजू वाचू लागलो आणि प्रत्येक आकडा मला लगेच पटू लागला.

मग मी निवृत्त होणार म्हणून काम शिकायला अध्यक्षांनी हिशेब विभागातल्या बाईंना पाठवलं. त्या टेबलाच्या पलीकडे, घेणाऱ्यांच्या बाजूला बसल्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, “काका, हे मला पटत नाही. या देशाची विक्री एकदम निम्मी, आणि शेजारच्या ज्या देशात जंगलच नाही, त्याची दुप्पट?”

“तिथे तोडीवर बंदी आलीय.”

“मग घेणाऱ्यांचं फारसं कमी का नाही झालं?”

आम्ही भांडलो. चांगलेच भांडलो. बंदी खरी निघाली, पण बरंचसं लाकूड शेजारच्या देशाच्या बंदरातून, त्याच्याच नावावर जात होतं, हेही खरं निघालं. त्या दिवशी घरी जाऊन मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

आता संघाचा विचार आहे, की संगणक आहे, एकाच माणसात भागेल. अध्यक्ष महोदय, बाई हुशार आहेत. एकट्या तक्ता करतील, सुबकही करतील. पण समोर ‘पटत नाही’ म्हणणारं कुणी नसेल, तर हळूहळू त्यांनाही सगळं पटू लागेल. मला निरोपाची भेट द्यायचीच असेल, तर माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसवा. भांडखोर असेल तर उत्तम.

अध्यक्ष महोदय, आपण होकाराची मान डोलावलीत. सभागृहाने पाहिलं. बाईंनीही पाहिलं, त्या आता सोडणार नाहीत.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, ऋणी आहे. मला आकडे वाचायची सवय, भाषणाची नाही. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिकउणं बोललो असेन, तर पोटात घाला. निघतो.