झाकणाआतला तक्ता

— नाही हो मिलेनाबाई, कॅल्क्युलेटर अजिबात बिघडलेला नाही, द्या इकडे — चष्मा कुठे गेला माझा — हां, डोक्यावरच आहे — हे बघा, तुमच्या निवेसनं गुरुत्वाकर्षणाच्या जागी प्रकाशाचा वेग दाबलाय! पस्तीस नंबर दाबायचा तर अठ्ठावीस! मग आपल्या शिबेनिकच्या किल्ल्यावरून सोडलेला दगड सुटायच्या आधीच खाली पोचणार, दुसरं काय होणार? पोरीचा दोष नाही हो. असले आकडे यात आधीच भरून ठेवलेले असतात, प्रकाशाचा वेग म्हणा, प्रोटॉनचं वजन म्हणा — नुसता नंबर दाबायचा. आता कुठला नंबर कशाचा, तो तक्ता असतो झाकणाच्या आत चिकटवलेला... काय? तुमच्या झाकणात नाहीये? उन्हानं सुटला असेल. डिंक अजून ओला आहे? बरं बाई, मीच काढला! झालं समाधान? ओरडू नका, बाहेर कॉफी पिणारे ऐकतायत.

अहो, कॅल्क्युलेटर विकायच्या आधी सगळ्यांचेच काढते मी. तक्ता नसला की पोरं चुकतात, पोरं चुकली की त्यांना फिजिक्स शिकवणारे व्येको प्रोफेसर भडकतात, आणि भडकले की तावातावानं इथे दुकानात — 'तोंकाबाई, पुन्हा तक्ता नाही!' मग मी शोधते. सावकाश शोधते. तोवर कॉफी होते, दोन सुकी अंजिरं होतात, डोंगरावरून तो गार वारा, आपला बुरा, सुटला असेल तर दार लोटून घ्यावं लागतं... हसताय काय? आवडतो मला तो माणूस, बस्स! आणि उन्हाळ्यात निवृत्त झाला की रियेकाला बहिणीकडे जाणार म्हणतो, कायमचा. जाऊ नका म्हणणारी मी कोण? त्याला काय, तक्ता मिळाल्याशी मतलब.

काय म्हणालात? त्यांना तक्ता लागतच नाही? सगळे नंबर तोंडपाठ? डोळे मिटून म्हणून दाखवतात? निवेस सांगते? मग फळ्यावर का नाही लिहून देत मेले... 'थांबा, तोंकाबाईंकडून आणतो' म्हणतात? आणि निघताना खिडकीच्या काचेत बघून भांग पाडतात?

म्हणजे हा माणूस वर्षभर...

मिलेनाबाई, हा घ्या तुमचा तक्ता. नाही, अख्खा गठ्ठाच घ्या, वाटून टाका शाळेत. माझा आरसा कुठाय? आणि त्यातला एक तेवढा इथे ठेवा — माणूस लाजरा आहे, हातात धरायला काहीतरी लागेल त्याला. आता निघा. निघा म्हणते ना, दुकान बंद आहे — तो बघा, चौक ओलांडतोय!