जावयाचा ताप आणि माझा रस्सा

तांबड्या रश्श्याचा विषय निघालाच हाय, तर ऐका. आमचं जावई आफ्रिकेत साखर कारखान्यावर कामाला. सुट्टीला आलं, मी रस्सा वाढला, आणि दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप! टायफॉईडचं औषध झालं, तरी ताप हटंना. विहीणबाई म्हणाल्या, “तुमच्या रश्श्यानं माझं पोर जातंय की!” माझा तर जीवच टांगणीला लागला.

शाहूपुरीतल्या डॉक्टरनं रक्त काचंवर घेऊन दुर्बिणीतनं बघितलं आणि खुर्चीतनं उठलाच. “अहो, हा मलेरिया आफ्रिकेतला! मी फक्त पुस्तकात बघितलेला. औषध आहे, बरे होतील.”

मी म्हटलं, “आमच्या विहीणबाईंस्नी बी दावा की.” त्यांनी डोळा लावला.

मी इचारलं, “दिसतोय का कुठं माझा रस्सा?”

“न्हाय बाई,” त्या म्हणाल्या. “पर त्यो उठला की परत करा, आणि मला बी वाढा.”