लग्नाची डिस्क आणि बारा सेकंद

...बारा सेकंदांत म्हणे चालू होतो! बारा! अहो, मला कुठं आग विझवायला जायचं होतं? तुम्हाला सांगतो, माझा कॉम्प्युटर चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, घेऊ दे की! बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहाला उकळी येईपर्यंत हा उठलेला. नऊ वर्षं. चालत होतं ना? मग हात कशाला लावायचा?

पण नाही! हात लावायचा, आणि तोही कुठल्या दिवशी... बदलीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी! रविवार, संध्याकाळी सहापर्यंत मुदत. मी राहतो जव्हारला, शाळा पोशेऱ्याला. अकरा वर्षं रोज जीपच्या मागच्या फळीवर गुडघे पोटात घेऊन जातोय, कंबर तर... जाऊ दे. यंदा घराजवळची शाळा मिळेल अशी आशा होती. अर्जाला लागणारे सगळे दाखले स्कॅन करून त्या कॉम्प्युटरात ठेवलेले. मूळ कागद? ते वाळवीनं खाल्ले. हसू नका!

आणि सकाळी सकाळी फोन कुणाचा? आमचे मेव्हणे, दिपेशराव, ठाण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. "भावोजी, तुमच्या कॉम्प्युटरात विंडोजऐवजी ते लिनक्स ना, त्यात अजून ती जुनी इनिट? शी! सगळं जग सिस्टीमडीवर गेलं. दोन कमांड मारा, बारा सेकंदांत चालू!" आता इनिट म्हणजे काय, तर बटण दाबलं की आधी स्वतः उठते आणि मग आतल्या बाकीच्या प्रोग्रॅमना उठवते, ती. आमची जुनी कशी, आश्रमशाळेतल्या वॉर्डनबाईसारखी... ऊठ रे, तोंड धू, झालं तुझं? चल, पुढचा! एखादा जागेवर नसला तर जरा पुटपुटायची आणि पुढं जायची. समजूतदार बाई हो! आणि ही नवी? सगळ्यांना एकदम उठवते, आणि एक जरी गैरहजर असला तर शाळाच भरवत नाही!

मारल्या दोन कमांड. काळा पडदा. त्यावर लाल ठिपके इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि इंग्रजीत लिहिलेलं की 'लग्न'ची वाट बघतोय. नव्वद सेकंद मोजले मेल्यानं, आणि मग काय केलं? आणीबाणी जाहीर! खरंच, इमर्जन्सी असंच लिहिलं. माझ्या घरात, मी भरलेल्या विजेच्या बिलावर!

आता 'लग्न' हे माझ्या बाहेरच्या हार्डडिस्कचं नाव. पोशेऱ्यातल्या सगळ्या लग्नांचं शूटिंग तिच्यात. आणि रीत अशी, की ज्याच्या घरी लग्न झालं त्याच्या घरी डिस्क जाते, आणि अख्ख्या पाड्यानं लग्न बघितल्याशिवाय परत येत नाही. ती कॉम्प्युटरला लावली की आपोआप उघडावी म्हणून मीच कधीतरी तिचं नाव चालू होतानाच्या यादीत लिहून ठेवलेलं. वर्षातले दहा महिने डिस्क गावभर फिरते, जुन्या बाईनं कधी चकार शब्द काढला का? चालत होतं ना? मग हात कशाला लावायचा!

दिपेशला फोन लावला... बंद! साहेब बायकोला घेऊन सिनेमाला. डिस्क होती नवसूकडे, शेवटचं लग्न त्याच्याच घरी झालेलं; ती आणायला बसलो जीपमध्ये. विनोद बघा, पोशेऱ्यातून सुटायचं म्हणून मी रविवारचा पोशेऱ्याला चाललोय!

नवसूच्या घरी पोचलो, तर ओटीवर टीव्ही, पुढं साठ माणसं, आणि पडद्यावर त्याच्या पोरीची, तुळशीची, हळद चाललेली. नवसू हात धरून म्हणतो, "गुरुजी, बसा तं! आमचा पांड्या नाचायचा हाये अजून. तवर भात खा." म्हटलं, अरे बाबा, माझी बदली अडकलीय! तर काळी नावाची म्हातारी मागून म्हणते, "बदली? आन् मंग आमचे पोरांना शिकवल कोण?" सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. खाली मान घालून भात खाल्ला. पांड्या नाचला, पाऊण तास नाचला, आणि मग डिस्क मिळाली.

परतीची जीप भरेपर्यंत हलेना. ड्रायव्हर म्हणतो, "अजून चार शिटा!" घरी आलो, डिस्क लावली, बटण दाबलं... बारा सेकंद. खरंच बारा, दिपेश खोटं बोलला नव्हता. घड्याळात बघितलं, सहा वाजून चार मिनिटं. मुदत संपली. जुन्या बाईला लागायची ना, तीच चार मिनिटं!

तेवढ्यात दिपेशचा फोन. "भावोजी, सिनेमात होतो. काय म्हणता, आणीबाणी? अरेच्चा, त्यात काय! तिथंच पासवर्ड टाकून यादीतली ती एक ओळ खोडायची, बस्स!"

एक ओळ! शिसारी आली हो मला, त्या ओळीची, त्या बारा सेकंदांची, मेव्हण्याची... फोन आपटला, पण हळूच, नवा फोन कोण देणार? दिपेशची बहीण, म्हणजे आमची पुष्पलता, दारात उभी. म्हटलं ही तरी चार शब्द धीराचे बोलेल. तर शांतपणे डबा घासायला घेत म्हणाली, "अहो, अकरा वर्षं चालतंय ना तुमचं पोशेरा? मग हात कशाला लावायचा!"